वजनकाट्यावरचा चहा

घरी वेगवेगळे चहा करून चाखायचे ठरवले, तेव्हा सर्वांत आधी मी ग्रॅमचा दशांश दाखवणारा एक छोटा वजनकाटा आणला. स्वयंपाकघरात चहा चमच्याने मोजला जातो आणि रोजच्या चहाला ते पुरतेही, कारण पूड तीच, चमचा तोच आणि हातही तोच असतो. परंतु निरनिराळ्या चहांची तुलना करायची तर चमच्याचा उपयोग होत नाही. आपल्याकडच्या दुकानांत ज्याला ममरी म्हणतात त्या दाणेदार चहाचा सपाट चमचा माझ्या काट्यावर अडीच ग्रॅमच्या वर भरला. अखंड पानांच्या दार्जिलिंग चहाचा तसाच चमचा त्याच्या जेमतेम निम्मा भरला, आणि लवदार कळ्यांच्या पांढऱ्या चहाने चमचा शिगोशीग भरूनही काटा एका ग्रॅमच्या आसपासच रेंगाळला. चमच्याने मोजून केलेल्या चहाला पातळ म्हणण्याआधी त्यात पान किती पडले होते, हे पाहायला हवे.

चहाचे परीक्षक कशी तुलना करतात, याची एक निश्चित रीत आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० मध्ये ‘आयएसओ ३१०३’ या क्रमांकाचे मानक त्यासाठी प्रसिद्ध केले. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतेच उकळलेले पाणी, पांढऱ्या चिनी मातीचे झाकणाचे भांडे आणि ६ मिनिटांचा अवधी, असा त्याचा गाभा आहे. या रीतीने होणारा चहा पिण्यासाठी सर्वांत रुचकर असतो, असा त्या मानकाचा दावा नाही. सगळ्या चहांना सारखीच वागणूक मिळावी आणि त्यांचे गुणदोष उघडे पडावेत, एवढाच त्याचा हेतू आहे. मी पांढरे कप घेतले, त्यांवर बशा झाकल्या आणि आसामचा ममरी चहा, आसामचाच अखंड पानांचा ऑर्थोडॉक्स चहा, दार्जिलिंगच्या पहिल्या आणि दुसऱ्या तोडीचे चहा, निलगिरीचा काळा चहा आणि कांगड्याचा हिरवा चहा अशी रांग मांडली.

सहा मिनिटांनी बशा उचलल्या, तेव्हा रंगांमधला फरक पाहून घरातले सगळे ओट्याभोवती जमले. हे सहाही चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच जातीच्या झुडपापासून झालेले होते. आसामात त्याचा मोठ्या पानांचा, उष्ण व दमट हवेत फोफावणारा प्रकार लावतात, तर दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांत लहान पानांचा, थंडी सोसणारा चिनी प्रकार अधिक दिसतो. त्याहूनही मोठा फरक पान खुडल्यानंतर पडतो. पान कोमेजवून वळले किंवा चिरडले की त्याच्या पेशी फुटतात, आतल्या विकरांची कॅटेचिन नावाच्या द्रव्यांशी आणि हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडते आणि पान तांबूस-काळे होऊ लागते. ही क्रिया पूर्ण होऊ दिली तर काळा चहा होतो, मध्येच थांबवली तर उलाँग, आणि खुडल्याबरोबर पानाला उष्णता देऊन विकरे निकामी केली तर हिरवा चहा होतो.

चाखताना मी व्यावसायिक परीक्षकांप्रमाणे चमचाभर चहा जोराने भुरका मारून तोंडात घेत होते. त्यामुळे चहा तुषारांसारखा तोंडभर पसरतो आणि त्याचा वास घशाच्या मागून नाकापर्यंत पोहोचतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो, म्हणून हा भुरका परीक्षणाला आवश्यक मानला जातो. माझे बाबा आयुष्यभर बशीत ओतून, भुरका मारतच चहा पीत आलेले. त्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “मग मलाही दे एकेक चमचा. मी सांगतो तुला कोणता कसा आहे ते.” पुढच्या सगळ्या चाचण्यांत ते माझे सोबती झाले, आणि त्यांची जीभ माझ्यापेक्षा अधिक नेमकी आहे हे लवकरच दिसून आले.

त्या पहिल्या रांगेत सर्वांत कठोर लागला तो ममरी चहा. तो काळसर तांबडा झाला होता आणि घोट घेताच गाल आत ओढले जावेत इतका तुरट होता. ममरी म्हणजे सीटीसी पद्धतीचा चहा. या पद्धतीत दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान नेऊन चिरडतात, फाडतात आणि त्याचे गोळीदार दाणे करतात. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी हे यंत्र घडवले, आणि आज भारतात होणाऱ्या चहाचा बहुतांश भाग याच पद्धतीचा असतो. दाणा बारीक आणि पेशी पूर्ण फुटलेल्या असल्यामुळे तो आपला रंग व कस झपाट्याने पाण्यात सोडतो. त्याच आसामचा ऑर्थोडॉक्स चहा शेजारच्या कपात होता. त्याचा रंग थोडा उजळ होता, चवीला तो दाट होता आणि घोट गिळल्यावर मागे भाजक्या धान्याची व मधाची आठवण करून देणारा वास रेंगाळत होता. प्रदेश एकच आणि झुडपाचा प्रकारही एकच असताना पान चिरडले की वळले, एवढ्यावर कपातला चहा किती बदलतो, हे या दोन कपांनी मला जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही वाचनाने दाखवले नव्हते.

दार्जिलिंगच्या पहिल्या तोडीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. हिवाळ्यात झुडपे निजलेली असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस ती जागी होतात आणि एप्रिलपर्यंत जी कोवळी पालवी येते, तिच्यापासून हा चहा करतात. नावाने तो काळा चहा असला तरी पाने खूप कोमेजवल्यामुळे त्यांच्यातली रासायनिक क्रिया अर्ध्यावरच राहते, म्हणून कोरड्या पानांतही हिरवी झाक दिसते आणि अर्क फिकट सोनेरी उतरतो. सहा मिनिटे मुरवल्यावर तो मला कडवट लागला होता. त्यामुळे परीक्षकांची रीत बाजूला ठेवून मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. आधी वेळ कमी केली आणि पाणी तेच ठेवले, मग वेळ कायम ठेवून पाणी निववले. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. उकळते पाणी एकदा दुसऱ्या थंड भांड्यात ओतले की ते काही अंशांनी उतरते, हे मी तापमापक लावून पाहिले आणि नंतर तापमापकाची गरज उरली नाही. शेवटी १५० मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पान, ९० अंशांच्या आतबाहेरचे पाणी आणि तीन मिनिटे, यावर मी स्थिरावले. असा केलेला पहिल्या तोडीचा चहा ओल्या गवताचा, कच्च्या फळाचा आणि कुठल्याशा पांढऱ्या फुलाचा वास घेऊन येतो. तुरटपणा असतो, पण तो जिभेच्या कडांवर हलकेच उमटून जातो. बाबांना मात्र हा चहा फार पसंत पडला नाही. “सुगंध चांगला आहे, पण घशाखाली गेल्यावर काही राहत नाही,” असे त्यांचे मत पडले, आणि दाट चहाची सवय असलेल्या माणसाला तसे वाटणे मी पूर्णपणे समजू शकते.

दुसऱ्या तोडीबद्दल आमच्या दोघांचे एकमत झाले. मे-जूनमध्ये खुडलेल्या या पानांचा अर्क तांबूस सोनेरी येतो आणि त्याला पिकल्या द्राक्षांची आठवण करून देणारा एक वास असतो. चहाच्या व्यापारात त्या वासाला मस्कटेल म्हणतात. हा वास मुख्यत्वे कीटकांमुळे येतो. उन्हाळ्यात तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, त्यावर झुडूप स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते आणि तीच पुढे कपात उतरतात. तैवानमध्ये ‘ओरिएंटल ब्यूटी’ नावाचा उलाँग चहा मुद्दाम अशाच तुडतुड्यांनी कुरतडलेल्या पानांपासून करतात. हे कारण समजल्यावर दुसऱ्या तोडीची महाग पुडी घेताना मला जराही खटकले नाही. कीटक यायला हवेत, पण पीक हातचे जाता कामा नये, आणि नेमक्या त्या आठवड्यांत पान खुडले गेले पाहिजे. दार्जिलिंगसारख्या चढणीच्या मळ्यांत ही खुडणी हातानेच होते.

मला सर्वांत अधिक चकित केले ते पाण्याने. आमच्या इमारतीत महापालिकेचे धरणाचे पाणी येते आणि टाकीला बोअरचीही जोड आहे. ओट्याखाली शुद्धीकरणाचे आरओ यंत्रही आहे. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडीचा चहा मी या तिन्ही पाण्यांत, तेच वजन, तोच वेळ ठेवून केला आणि कपांखाली चिठ्ठ्या ठेवून बाबांपुढे मांडला. बोअरच्या पाण्यातला कप त्यांनी घोट घेण्याआधीच ओळखला. “हा सकाळचा उरलेला आहे का?” असे त्यांनी विचारले, कारण त्यावर मळकट साय धरली होती आणि रंग विटल्यासारखा दिसत होता. जड पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हे चहातल्या द्रव्यांशी हवेच्या संपर्कात संयोग पावतात आणि ती साय तयार होते. सुगंधही अशा पाण्यात दबतो. आरओच्या पाण्यातला चहा स्वच्छ, चकचकीत दिसला, पण तो मला पोकळ आणि काहीसा टोकदार लागला. क्षार जवळजवळ सगळेच काढून टाकल्यामुळे चवीला आधार राहत नाही. धरणाचे, कमी क्षारांचे पाणी एकदा उकळून घेतले तेव्हा चहा सर्वांत चांगला झाला. त्या दिवसापासून चांगल्या पानांसाठी मी सकाळी नळाला आलेले पाणी वेगळ्या कळशीत भरून, गाळून ठेवते. महाग चहा घेऊन तो बोअरच्या पाण्यात करणाऱ्यांनी ही एक चाचणी घरी जरूर करून पाहावी.

हिरव्या चहाविषयी आपल्याकडे एक दुरावा आहे. वजन उतरवण्याच्या आशेने लोक तो औषधासारखा, नाक मुरडत पितात, आणि बहुतेक ठिकाणी तो उकळत्या पाण्यात पिशवी बुडवून, ती तशीच कपात ठेवून केलेला असतो. कांगड्याचा हिरवा चहा मी आधी तसाच केला आणि मग ७५ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे मुरवून केला. पहिला कप कडू होता. दुसऱ्यात उकडलेल्या कोवळ्या भाजीचा वास आणि मागून येणारा स्पष्ट गोडवा होता. कॅटेचिने ही कडू-तुरट द्रव्ये गरम पाण्यात अधिक उतरतात, तर चहाला गोडसर, भरीव चव देणारी थिअनिनसारखी अमिनो आम्ले कमी गरम पाण्यातही सहज उतरतात, म्हणून पाणी निववण्याचा इतका फरक पडतो. कांगड्याचा चहा आज फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात त्याला मोठे नाव होते, परंतु १९०५ च्या एप्रिलमधील भूकंपाने तेथले मळे आणि कारखाने उद्ध्वस्त केले आणि अनेक मळेवाले कायमचे निघून गेले. तो चहा निगुतीने केला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते. जपानी सेंचा वाफेवर शिजवलेला असल्याने त्याला समुद्री शेवाळासारखा वास येतो आणि चिनी लोंगजिंग कढईत भाजलेला असल्याने तो भाजक्या सुक्यामेव्याकडे झुकतो. हे दोन्ही मी करून पाहिले, पण सेंचाची गोडी मला अजून पुरती लागलेली नाही.

उलाँगसाठी मात्र रीतच बदलावी लागली. फुजियान प्रांतातल्या आन्शी येथला तिएग्वानयिन हा चहा घट्ट वळलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतो. झाकण असलेल्या लहानशा कपात पाच ग्रॅम गोळ्या घेऊन त्यांवर सुमारे १०० मिलिलिटर, जवळजवळ उकळते पाणी ओतायचे आणि अर्ध्या मिनिटाच्या आतच अर्क गाळून घ्यायचा, मग तीच पाने पुन्हा पुन्हा वापरायची व दर वेळी वेळ थोडा वाढवत न्यायचा, अशी तिकडची पद्धत आहे. पहिल्या ओतणीत पाने जेमतेम उलगडतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओतणीत फुलांचा वास इतका भरून येतो की झाकणाची आतली बाजू हुंगण्यातच अर्धा आनंद असतो. आणि पुढे तो हळूहळू उतरून मागे नुसता मंद गोडवा राहतो. शेवटी चोथा ताटलीत पसरून पाहिला तर अखंड, देठासकट उलगडलेली पाने दिसतात. चोथा पाहणे हा चहा पारखण्याचा महत्त्वाचा भाग आहे. पाने मोडकी आहेत की अखंड, रंग सारखा आहे की ठिपकेदार, यावरून बनवणाऱ्याने किती काळजी घेतली ते कळते.

इतके चहा चाखल्यावर आपल्या दुधाच्या चहाकडे मी पुन्हा वळले, आणि त्याविषयीचा माझा आदर वाढला. चांगला चहा दुधाशिवायच प्यावा, उकळणे म्हणजे पानाचा अपमान, असे अनेक जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. दार्जिलिंगच्या पहिल्या तोडीचा चहा दूध घालून उकळला, तर दुधाची चव उरते आणि चहाची हरवते, हे खरेच आहे. परंतु ममरी चहाची गोष्ट निराळी आहे. त्याचा जो तुरटपणा कोऱ्या कपात असह्य झाला होता, त्याला दुधातले केसिन हे प्रथिन बांधून टाकते. साखर उरलेला कडवटपणा झाकते आणि मागे राहतो तो दाट, खरपूस, तांबूस चहा. उकळल्याशिवाय आणि दुधाशिवाय या दाण्याचा खरा गुण दिसतच नाही. पुण्यातल्या अमृततुल्यांच्या पितळी पातेल्यांत जे चालते, ते या पानाला साजेसेच आहे.

मसाल्यांचा क्रमही मी याच वेळी नीट ठरवला. आले ठेचून पाण्यातच घालावे आणि दूध पडण्यापूर्वी ते चांगले उकळू द्यावे, कारण ताज्या आल्यात दुधाची प्रथिने तोडणारे एक विकर असते. ते उकळण्याने निकामी होते, पण आले दुधात मागाहून पडले तर चहा फाटू शकतो. गुळाच्या चहाचेही असेच आहे. गुळात थोडी आम्लता असते, म्हणून गूळ कोऱ्या चहात विरघळवून घ्यावा, गॅस बंद करावा आणि तापवलेले दूध वरून घालावे. गुळासह दूध उकळत ठेवू नये. वेलची मात्र शेवटी, झाकण ठेवण्याच्या क्षणी कुटून घालते, कारण तिचा वास उकळीत उडून जातो. गवती चहाची पात मी आधणातच कात्रीने कापून टाकते. तिचा चहाच्या झुडपाशी काही संबंध नाही, पण तिच्यातल्या सिट्रल या तेलकट द्रव्याचा लिंबासारखा वास आसामच्या दाण्याशी जितका जुळतो तितका दुसऱ्या कोणत्याही चहाशी जुळत नाही, असे मला करून पाहिल्यावर आढळले. दार्जिलिंगमध्ये ती घातली तेव्हा दोन्ही वास एकमेकांवर कुरघोडी करू लागले.

उन्हाळ्यात निलगिरीच्या काळ्या चहाचा उपयोग झाला. फ्रिजमधल्या एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम पान रात्रभर ठेवून सकाळी गाळले, तर कडवटपणा जवळजवळ नसलेला, फुलांच्या वासाचा थंड चहा मिळतो. आसामचा गरम काढलेला चहा थंड केला की गढूळ होतो, कारण त्यातली थिआफ्लेविन वर्गातली द्रव्ये आणि कॅफीन थंडाव्यात एकत्र येऊन साका धरतात. व्यापारात तो चांगल्या, सकस चहाचा गुण मानतात, पण काचेच्या पेल्यात तो दिसायला बरा वाटत नाही. निलगिरीचा चहा गार झाल्यावरही नितळ राहतो.

चहा साठवणे हा भाग मी शेवटी शिकले आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याची कसोटी लागली. चहाचे कोरडे पान ओलावा आणि वास दोन्ही पटकन शोषते. मसाल्याच्या डब्याशेजारी उघडी राहिलेली पहिल्या तोडीची पुडी आठवड्याभरात जिऱ्याचा वास देऊ लागते. आता मी घट्ट झाकणाचे, आतून दुहेरी झाकण असलेले पत्र्याचे डबे वापरते, ते गॅसपासून आणि खिडकीपासून दूर, लाकडी कपाटात ठेवते आणि प्रत्येकावर तोडीचा महिना लिहिते. हिरवा चहा आणि पहिल्या तोडीचा चहा काही महिन्यांतच उतरू लागतो, म्हणून तो ५० ग्रॅमपेक्षा अधिक घेत नाही. दुसऱ्या तोडीचा चहा आणि आसामचा ऑर्थोडॉक्स चहा वर्षभर टिकतो. ममरी चहा आम्ही बाजारातल्या घाऊक दुकानातून सुटा आणतो. घेण्याआधी दुकानदार मूठभर दाणे कागदावर पसरून दाखवतात, आणि बाबा त्यांतले थोडे तळहातावर घेऊन, तोंडाची वाफ देऊन हुंगतात आणि मगच किती तोलायचा ते सांगतात.